पेंडीच्या खोलीतलं विमान

लेथखाली लोखंडाचा कीस जमतो तसे आमच्या कंपूत किस्से जमतात. कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी आहेतच! त्यातले सगळ्यात भारी, प्रतापच्या विमानाचे.

प्रतापचं लेथचं वर्कशॉप आहे, पण जीव सगळा विमानात. कॉम्प्युटरच्या पडद्यावर विमान उडवून त्याचं समाधान होईना. "आभाळ कसं, ह्या कानापासनं त्या कानापतोर पायजे!" म्हणून तीन प्रोजेक्टर, एक गोलाईचा पडदा आणि मधोमध पायलटची खुर्ची.

जागा एकच होती, गोठ्याशेजारची पेंडीची खोली. ती प्रतापच्या वडिलांच्या, आबांच्या ताब्यात. आबा म्हणाले, "दिवाळीपतोर घे. मला इमानात बसल्यागत वाटलं तर खोली तुझी. न्हायतर पेंड परत आत!"

* * *

पडद्यासाठी प्लायवुड वाकवायला गेलो की कडाकडा मोडायचं. शेवटी मंडळाचं डेकोरेशन करणारा आमचा सलीम आला. सगळा पसारा बघून हसला.

"गणपतीला अख्खी गुहा केलीया मी. ह्यो तर नुस्ता पडदा हाय की!"

त्यानं पाईप वाकवले, त्यावर कापड ताणलं आणि दुपारच्या चहाला पडदा उभा! एक सुरकुती सापडली तर शपथ.

* * *

प्रोजेक्टर लावले, तर तिघांची तीन तोंडं. चित्रं जिथं एकमेकांवर चढायची तिथं पन्हाळा दोनदा दिसायचा, आणि रनवेला मधेच पायरी! मी म्हटलं, "प्रताप, ह्यावर इमान न्हाय, एसटीच उतरंल."

गडी चिडला नाही. पडद्यावर चौकटी पाडून एकेक रेघ जुळवत बसला, कडा पुसट करत गेला. एके दिवशी पन्हाळा एकच उरला! त्या आनंदात आम्ही मिसळ मागवली.

* * *

मग विमान थरथरायला लागलं. चांगलं सरळ उडतंय आणि मधेच अख्खं आभाळ हलायचं. सॉफ्टवेअर तपासलं, वायरी तपासल्या. सलीम सहज बाहेर गेला आणि तिथनंच ओरडला, "आरं, म्हस पाठ घासतीया!"

आम्ही प्रोजेक्टर ज्या खांबाला ठोकले होते, त्याचीच दुसरी बाजू पलीकडं गोठ्यात होती. प्रोजेक्टर छताला टांगले, म्हशीचा खांब म्हशीला परत केला.

* * *

खंडेनवमीला लेथची पूजा झाली. काकींनी, म्हणजे प्रतापच्या आईनं, स्टुलावर चढून मोठ्या भक्तिभावानं प्रोजेक्टरलाही कुंकू लावलं. नेमकं लेन्सवर! संध्याकाळी विमान जाईल तिकडं आभाळात तांबूस डाग. प्रताप फडकं घेऊन धावला, तर काकींनी त्यालाच झापलं.

"असू दे की! सगळ्यांस्नी लावलं, त्यानं काय घोडं मारलंय?"

* * *

वसुबारसेला आबा परीक्षा घ्यायला बसले. पेंडीची पोती दाराशी येऊन पडलेली. प्रताप पायलटच्या खुर्चीत, आबा शेजारच्या खुर्चीत. विमान उडालं. खाली उसाची शेतं, मग पंचगंगा, मग पन्हाळा. एवढं देखणं आभाळ मी आजवर पाहिलं नव्हतं. आणि आबा? टोपी सरळ, ओठ घट्ट, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर.

पन्हाळा मागं पडला. प्रतापचा चेहरा उतरला.

"न्हाय वाटलं न्हवं, आबा? ऱ्हाऊ दे. बंद करतो."

त्याचा हात बटणाकडं गेला. आबांनी त्याचं मनगट करकचून धरलं.

"अरं ए! आदी खाली उतरीव की! हितं वर बंद करतूस व्हय?"