अडीच बोटांवर नागपूर

माधवीबाईंच्या वर्गात कोऱ्या नकाशात गावं दाखवायच्या प्रश्नाला कुणाचा गुण जात नसे. डोंबिवलीतल्या त्या शाळेत बावीस वर्षं त्या भूगोल शिकवत होत्या आणि बावीस वर्षांत त्यांनी एक युक्ती घासूनपुसून चकचकीत केली होती. मुंबईपासून अडीच बोटं आत आणि नखभर वर नागपूर. खंबातच्या आखाताच्या खाचेला चिकटून अहमदाबाद, तिथून उजवीकडे दोन बोटं भोपाळ. पोरं कोऱ्या नकाशावर बोटं ठेवत, टिंब देत, पैकीच्या पैकी गुण घेऊन मोकळी होत. पालक खूश, मुख्याध्यापक त्याहून खूश.

बाई मात्र खूश नव्हत्या. याच पोरांना वर्गात पूर्व कुठे विचारलं की ती रेल्वेच्या पुलाकडे हात करत, कारण पूल ओलांडला की डोंबिवली पूर्व! उत्तर कुठे, तर छताकडे. भिंतीवरच्या नकाशात उत्तर वरच असते ना. बाई चिडायच्या, खडू आपटायच्या आणि पुन्हा बोटांवर यायच्या, कारण सहामाही तोंडावर आलेली असायची. ती कधी तोंडावर नसते?

यंदा मात्र त्यांनी हट्टच धरला. नववीला एकदा तरी बाहेर नेऊन नकाशा वाचायला शिकवायचंच. मुख्याध्यापक रवींद्र सर वाईट माणूस नव्हते, पण निकालापलीकडे त्यांना काही दिसत नसे. त्यांनी अट घातली: मुलांनी फोन न वापरता, कुणाला न विचारता, फक्त नकाशावरून खडवली स्टेशनातून नदी गाठून दाखवली, तर दर वर्षी अशी सहल. नाही गाठली, तर विषय बंद आणि ते तास सराव परीक्षेला. बाईंनी दोन रविवार खडवलीत पायपीट करून स्वतःच्या हाताने नकाशा काढला. रूळ, शाळा, देऊळ, नदी, कोपऱ्यात उत्तरेचा बाण. एवढं सोपं काढलंय, चुकतील कशी, असं त्यांना वाटलं.

पाऊस ओसरल्यावरच्या एका शनिवारी वीस मुलं, बाई आणि अट तपासायला आलेले रवींद्र सर सकाळी आठला खडवलीला उतरले. नकाशा नीरजाच्या हातात, म्हणजे वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीच्या. स्टेशनाबाहेर येताच तिने कागद छातीशी उभा धरला, नाकासमोरची दिशा उत्तर मानली आणि मंडळी निघाली. बाईंनी मध्ये बोलायचं नाही असं ठरलं होतं. त्या ओठ चावत मागून चालत राहिल्या. अर्ध्या तासाने सगळे एका बंद वीटभट्टीसमोर उभे होते. ना देऊळ, ना नदी.

नीरजाने कागदावर बोटं ठेवली, पुन्हा मोजली आणि म्हणाली, "बाई, स्टेशनपासून दोन बोटं झाली. नदी इथंच पाहिजे."

बाईंना ओरडायचं होतं, पण कुणावर? ती बोटं त्यांचीच होती. रवींद्र सरांनी घड्याळ पाहिलं आणि अगदी मायेने सांगितलं की बाई, तुमची वर्गातली पद्धतच उत्तम, तीच चालू द्या. दहाच्या गाडीने परतायचं ठरवून ते मुलांना पाणी पाजायला सावलीत घेऊन गेले.

बाई तिथेच उभ्या राहिल्या, नीरजाही राहिली. बाईंना त्यांचे वडील, दाजी, आठवले. दाजी ठाण्याच्या खाडीतले कोळी, शाळेचं तोंड न पाहिलेले. पण होडीत बसल्या बसल्या त्यांनी सहा वर्षांच्या माधवीला चारी दिशा शिकवल्या होत्या. ते बाईंनी वर्गात कधीच सांगितलं नव्हतं. त्यांनी नीरजाला उन्हाकडे तोंड करून उभं केलं, डावा हात पसरायला लावला आणि ती उत्तर, म्हणून सांगितलं. मग कागद आडवा धरून बाण त्या बाजूला वळवायला लावला.

नीरजाने कागद वळवला. रुळांकडे पाहिलं, कागदावरच्या रुळांकडे पाहिलं. मिनिटभरात तिने झाडीमागच्या देवळाच्या कळसाकडे बोट दाखवलं आणि नदी त्याच्या पलीकडे आहे, आपण उलटे आलो, हे सांगून टाकलं. बरोबर होतं. बाई धावतच सरांकडे गेल्या, पण सरांनी मान हलवली. अट अट असते, बाई.

परत फिरताना नीरजा त्यांच्या शेजारून चालत होती. "बाई, हे इतकं सोपं आहे. तुम्ही आधी का नाही शिकवलंत?"

बाईंना खोटं सुचलं नाही. "परीक्षेत विचारत नाहीत म्हणून."

नीरजाने समजूतदारपणे मान डोलावली आणि कागदाची घडी घालून दप्तरात टाकली. तिला ते पटलं होतं. बाईंना संताप आला तो त्याचाच.