झेरॉक्स काढायला गेलेला मुलगा

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, आईपाशी तर नाहीच नाही. तुम्हालाच का सांगतोय — तेही नीट कळत नाही. सांगून काही बदलणार नाही, एवढं मात्र पक्कं ठाऊक आहे.

मी टीव्हीवरच्या मालिकांवर लिहितो. एका वर्तमानपत्रात, दर शनिवारी, टोपणनावाने. फणसवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत आई भाजी निवडत बसलेली असते आणि मी शेजारी बसून कुणाच्या तरी मालिकेची सालं काढत असतो. लोक मला घाबरतात म्हणे. मला! हसू येतं.

दोन वर्षांपूर्वी 'उद्या या' नावाची विनोदी मालिका आली. सरकारी हॉस्पिटलातले पाच नवशिके डॉक्टर, त्यांच्या चुका, सिनियरच्या शिव्या, नातेवाइकांचे घोळ. लिहिणारी ऋतुजा नावाची मुलगी स्वतः डॉक्टर, वर्षभराची रजा टाकून लिहायला बसलेली. सगळ्यांनी मालिका डोक्यावर घेतली. आमची आई तर हसून हसून डोळ्यांना पदर लावायची. मीही हसलो — खोटं कशाला बोलू? पहिले पाच भाग पोट धरून हसलो. कौतुकाचा लेख अर्धा लिहूनही झाला होता.

मग सहावा भाग लागला.

त्यात एक मुलगा आहे. बाप शेवटच्या घटका मोजतोय. डॉक्टरीण सांगते, आता जवळ बसा, कुठे जाऊ नका. आणि हा पठ्ठ्या म्हणतो, "जरा झेरॉक्स काढून आणतो." कुणी मागितलेली नसते हो! परत येतो, दारातूनच बापाकडे बघतो, पुन्हा जातो. झेरॉक्सवाला विचारतो, "साहेब, आता कशाची?" हा म्हणतो, "ह्या झेरॉक्सचीच काढा." शेजाऱ्यांच्या खोलीतूनही हसण्याचा आवाज आला. आई म्हणाली, "मेला पळतोय बघ कसा! असतात हो असली कार्टी."

मी हसलो नाही.

आता सांगायलाच हवं, नाही का? तो मुलगा — तो मी आहे.

त्याच्या दोन वर्षं आधी अण्णा, म्हणजे माझे वडील, परळच्या एका हॉस्पिटलात होते. जन्मभर कॉटन ग्रीनच्या गोदामात कारकुनी केलेली, छाती कामातून गेलेली. दुपारची वेळ. तरुण डॉक्टरीण मला बाजूला घेऊन म्हणाली, आता त्यांच्यापाशीच थांबा. आणि माझ्या तोंडून तेच झेरॉक्सचं वाक्य निघालं. गेटासमोरच्या दुकानात मी अण्णांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स काढल्या. एकदा वर आलो, दारातून त्यांचा श्वास ऐकला, पुन्हा खाली गेलो. अकरा प्रती झाल्या. का? तो आवाज ऐकवत नव्हता. बस. ह्याहून मोठं कारण असतं तर किती बरं झालं असतं.

वर आलो तेव्हा खाटेभोवती पडदा ओढलेला होता. त्या डॉक्टरणीने माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडे पाहिलं, वरची एक प्रत घेतली आणि म्हणाली, "एक पुरे होती." टोमणा नव्हता तो. मी तिच्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मृत्यूच्या दाखल्यावरची तिची सही आणि नाव तेवढं लक्षात राहिलं. तेच नाव मालिकेच्या सुरुवातीला येत होतं, आणि सहाव्या भागापर्यंत माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही!

घरी आलो. आईने एवढंच विचारलं — "तू होतास ना जवळ?" मी म्हणालो, होतो. हात हातात होता. शांत गेले. तेरा दिवस ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगत होती, अजून सांगते. त्या खोट्यावर तिचं सगळं दुःख टेकलेलं आहे. ते मी कसं काढून घेऊ?

पण त्या भागात पुढेही काही होतं. मुलगा खाली असताना डॉक्टरीण म्हाताऱ्यापाशी बसते. तो तिला विचारतो, "जेवलंस काय गो चेडवा?" अण्णा वॉर्डातल्या प्रत्येक पोरीला मालवणीत हेच विचारायचे. मग दाराकडे बघत मुलगा आला का म्हणून विचारतो, "झील इलो?" ती त्याचा हात धरते आणि सांगते, "आले, आले. जिन्यात आहेत." तो दाराकडे बघत राहतो. मग बघायचा थांबतो.

माझा बाप कसा गेला, हे मला एका विनोदी मालिकेतून कळलं.

आई म्हणाली, "अगदी ह्यांच्यासारखा बोलतो रे हा." तिने माझ्याकडे पाहिलं — की मला तसं वाटलं? ती उठून कुकर लावायला गेली.

त्याच संध्याकाळी मी कौतुकाचा लेख फाडला आणि दुसरा लिहिला. 'मरणाची थट्टा'. त्यात लिहिलं, की कुठलाही मराठी मुलगा मरणाऱ्या बापाला टाकून असा जात नाही. की ह्या लेखिकेला माणूस कळलेलाच नाही. भाषा फर्मास जमली होती. रागात माझी भाषा नेहमीच जमते.

लेख फिरला. कौतुक करणाऱ्यांनाही एकाएकी दोष दिसायला लागले. आमच्या भावना दुखावल्या म्हणून पत्रं आली. चॅनेलने आधी मालिका दुपारी ढकलली, मग मधेच गुंडाळली. सगळं माझ्यामुळेच झालं का? माहीत नाही. पहिला दगड माझा होता, हे माहीत आहे.

आईने तो लेख चष्मा लावून वाचला, घडी घातली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "बरोबर लिहिलंस, बाळ्या. तू होतास ना ह्यांच्यापाशी, म्हणून तुला इतकं लागलं."

आणि मग ऋतुजाची मेल आली. टोपणनावाला उद्देशून. मी कोण, हे तिला ठाऊक नव्हतं, अजूनही नाही. तिने लिहिलं होतं, "सर, तो प्रसंग मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. पण तुम्ही म्हणता तसं असेल. मला त्या मुलाचा राग आला नव्हता, फार वाईट वाटलं होतं त्याच्यासाठी. ते मला लिहिता आलं नसेल. आता मी वॉर्डात परत जाते आहे, लिहिणं माझं काम नाही."

मला तेव्हा खरं लिहिता आलं असतं. एक ओळ पुरली असती. कुणीही बघत नव्हतं, आईसुद्धा घरात नव्हती.

मी उत्तर दिलं, "आधी मरणाऱ्या माणसापाशी बसायला शिका. मग लिहा."

पाच मिनिटांत तिचं उत्तर आलं. "हो सर."