मांडीवरचा ट्रॅक

कंपनीच्या बसमध्ये ती कासारवाडीला चढायची, माझ्या शेजारी बसून डोळे मिटायची आणि मांडीवर हात स्टिअरिंग धरल्यासारखे फिरवायची. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये बस जागची हलत नसे, हिचे हात मात्र सुसाट. बाईला काही त्रास असावा, असंच मला वाटलं. शेवटी विचारलं.

"नुर्बुर्गरिंग पाठ करतेय, दादा. जर्मनीतला रेसचा ट्रॅक. आपल्या नव्या गाडीची चाचणी तिथं मीच घेणार. सगळी डोंगरातली वळणं. वळण दिसल्यावर हात वळवला, तर संपलंच."

मग बरेच दिवस ती दिसली नाही. परतली तेव्हा हात मांडीवर स्वस्थ होते.

"पहिल्या फेरीला भीती नाही वाटली?"

"पहिली कुठली, दादा? ती तर तुमच्या शेजारी बसून मारली होती."