फ्लॅश पडला, म्हणून लग्न उन्हात लागलं

तंजावूरला जायचं ठरलं ते एका फोनवर. तो फोन नवऱ्याऐवजी मी घेतला असता तर पुढची निम्मी दगदग वाचली असती, असं मी त्याला अजून ऐकवते. नव्वदच्या दशकाच्या मधली वर्षं होती. गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ झाले होते, तरी परगावचं बोलणं महाग पडायचं, म्हणून लोक धापा टाकत बोलायचे. फोन होता स्वामिनाथरावांचा. ते माझ्या नवऱ्याचे, सुधीरचे, ऑफिसातले मित्र. तंजावूरचे मराठी. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. मधली काही वर्षं बदलीवर पुण्यात, आमच्याच इमारतीत राहिले आणि मग परत गेले. त्यांच्या मुलीचं, उमेचं, लग्न ठरलं होतं.

सुधीरने फोन ठेवला आणि मला निरोप सांगितला, "म्हणाले, तुम्ही होणें, फोटो होणें. म्हणजे आपण जायचं. फोटोबिटो सगळं तिकडे होणार आहे."

त्याने तरीही कॅमेरा घेतलाच. परदेशी वस्तू दुकानात उघड मिळायला लागल्यावर त्याने जपानी कॅमेरा आणि त्यावर बसवायची फ्लॅशगन घेतली होती, आणि तेव्हापासून आमच्या घरात कुणी पोहे खाल्ले तरी त्याचा फोटो निघत असे.

तुम्ही आज जाल तर मद्रासहून, म्हणजे चेन्नईहून, सरळ मोठ्या रुळाची गाडी मिळेल. आम्ही गेलो तेव्हा पुण्याहून मद्रास सेंट्रल, तिथून घासाघीस करून रिक्षाने एग्मोर, आणि एग्मोरहून छोट्या रुळाची रात्रीची गाडी. ती इतकी हलते की चहा पिणाऱ्याने आधी शर्टाची काळजी करावी. मे महिना होता. कुंभकोणम मागे पडलं तशी खिडकीतून भाताची कापलेली शेतं, कालवे आणि नारळी दिसायला लागल्या. सुंदर होतंच सगळं, पण तोवर माझी पाठ इतकी आखडली होती की मला फक्त आडवं व्हायचं होतं.

स्टेशनवर स्वामिनाथराव स्वतः आले होते. नेसूला पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, कपाळाला गंध, हातात आमची जड बॅग. घरी पोचल्या पोचल्या त्यांच्या पत्नी, सरसाबाई, पितळी पेला-वाटी घेऊन समोर आल्या. "काप्पी होणें कां?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "होईल तेव्हा द्या, घाई नाही."

त्या गोंधळल्या. उमा हसायला लागली. ती कॉलेजात शिकवायची, पुण्यात शाळेची दोन-तीन वर्षं काढलेली, त्यामुळे आपली मराठी तिला बरोबर कळायची. "काकू, अम्मा विचारत्यात, हवी कां म्हणून," ती म्हणाली. "आमचं होणें म्हणजे तुमचं हवं."

मी कॉफी घेतली, आणि मग हळूच सुधीरकडे बघितलं. त्याच्याही डोक्यात तेच चाललं होतं. तुम्ही होणें, फोटो होणें. त्याने चाचरत विचारलं, "फोटोग्राफर कुठला ठरवलाय?"

"फोटोग्राफर कशास?" स्वामिनाथराव म्हणाले. "तुम्हांस सांगिटलं कीं फोनवर. तुमच्याहून चांगले कोण काढील?"

मग उमेने जे सांगितलं त्याने मला घाम फुटला. तिचा एकुलता एक भाऊ, श्रीधर, मस्कतला नोकरीला होता आणि त्याला रजा मिळाली नव्हती. लग्न त्याला दिसणार ते फोटोतच. "अण्णानं म्हटलंय, सगळं काढायला सांग. अप्पांस मंगळसूत्राच्या वेळीं नक्की काढा. ते रडतील कीं नाहीं, त्यावर आमची पैज आहे," ती म्हणाली. सुधीरचा चेहरा मात्र नवरदेवाहून खुलला होता. मुहूर्त सोमवारचा होता आणि आज होता शनिवार. "काही काळजी करू नका," तो म्हणाला, आणि जेवण होताच सराव करायला मोठ्या देवळात निघाला. मला घेऊन, भर दुपारी.

जाणाऱ्यांसाठी सांगते: बृहदीश्वराच्या देवळात सकाळी लवकर जा, नाहीतर ऊन कलल्यावर. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि आवारातली फरशी मे महिन्यात तव्यासारखी तापते. तिथे मराठीत कोरलेला लांबच लांब शिलालेख आहे. मला तो वाचायचा होता. आम्ही गोपुरातून आत शिरलो, आणि सुधीर नंदीच्या दिशेने चालता चालता एकदम नाचायला लागला. एक पाय वर, मग दुसरा पाय वर. त्या उड्यांमध्ये कॅमेऱ्यावरची फ्लॅशगन खाचेतून निसटली आणि दगडावर पडली. आवाज अगदी किरकोळ झाला. आम्ही धावत सावलीत गेलो, त्याने ती परत बसवली, बटण दाबलं. काही नाही. सेल काढून पुसून घातले. काही नाही. कानाशी धरून हलवली तर आत काहीतरी खुळखुळत होतं.

तळवे भाजलेले होते आणि शिलालेख राहिला तो राहिलाच.

संध्याकाळी दुसरा फ्लॅश शोधत गावातल्या रस्त्यांवर फिरलो. पहिला स्टुडिओवाला म्हणाला, सोमवारी इतकी लग्नं आहेत की त्याची सगळी माणसं आणि सगळे फ्लॅश बाहेर आहेत. दुसऱ्यानेही तेच सांगितलं, फक्त आम्हाला बसायला स्टूल दिलं. एका रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीवाल्याने उत्साहाने फ्लॅशगन उघडली, आत स्क्रू ड्रायव्हर घातला आणि असा झटका खाल्ला की तो आणि सुधीर दोघेही मागे सरकले. सेल काढले तरी आत वीज साठून राहते, हे त्यालाही तेव्हाच कळलं असावं. "ट्यूब पोयिच्च," त्याने हात हलवून सांगितलं. ट्यूब गेली. मिळाली तर त्रिचीला मिळेल.

म्हणून रविवारी त्रिची. बसगाड्या सारख्या सुटत असतात, दीड तासाचा रस्ता, भाडं नगण्य. बसमध्ये पुढे व्हिडिओ लावला होता आणि त्याचा आवाज कमी करता येत नव्हता. त्रिचीला उतरलो, विचारत विचारत कॅमेऱ्याच्या दुकानांपर्यंत गेलो आणि बघतो तर सगळी शटर खाली. रविवार. घरातून निघताना आम्हा दोघांपैकी एकालाही वार आठवला नव्हता, आणि स्वामिनाथराव बिचारे केळीचे खांब आणायला पहाटेच बाहेर पडले होते. आम्ही एका हॉटेलात बसलो. परत देशात आलेला कोला मागवला, तो गरम निघाला.

"सांगून टाकूया त्यांना," मी म्हटलं.

"आज सांगून काय होणार? त्यांना दुसरा कोणी मिळणार आहे का?" सुधीर म्हणाला. "ट्यूबलाइट असतीलच. कॅमेरा खांबाला टेकवून काढतो."

मला वाद घालायचंही त्राण नव्हतं. परतीच्या बसमध्ये मी झोपले. जाग आली तेव्हा साडीच्या पदरावर कुणाच्या तरी पिशवीतलं ताक सांडलं होतं.

रात्रीचं जेवण मात्र विसरणार नाही. तंजावूरला कुणा मराठी घरात जेवायचा योग आला तर रसवांगी मागून घ्या. वांग्याची, डाळ-खोबऱ्याची, आंबटसर. आणि डांगर पच्चडी, म्हणजे आपलं उडदाच्या पिठाचं डांगरच, दह्यातलं. सरसाबाईंनी दोनदा वाढलं. मी मान खाली घालून खाल्लं, कारण वर बघितलं की त्या फोटोंबद्दल बोलायच्या.

मुहूर्त उजाडायच्या आधीचा होता. मंगल कार्यालय गावाच्या टोकाला. मुलाकडची मंडळी ओरत्तनाडूची, बस करून आलेली. हॉलमध्ये ट्यूबलाइट होत्या, पण विजेचा दाब इतका कमी की त्या नुसत्या फडफडत होत्या. नादस्वर आणि तविलचा, म्हणजे तिकडच्या सनई-ढोलाचा, असा कल्लोळ की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. सुधीर खांबाला चिकटून, श्वास रोखून बटण दाबत होता आणि दर वेळी त्याचे खांदे थोडे खाली येत होते. अंतरपाट दूर झाला, मंगळसूत्र बांधलं गेलं, अक्षता उडाल्या. मी स्वामिनाथरावांना शोधलं. ते दाराशी होते. दूध नासलं होतं, मुलाच्या काकांना कॉफी पोचली नव्हती, आणि आचाऱ्याशी त्यांचं खाणाखुणांनी भांडण चाललं होतं. लेकीच्या गळ्यात मंगळसूत्र पडलं तेव्हा त्यांची पाठ होती.

सगळं शांत झाल्यावर, नाश्त्याच्या पंगती चालू असताना, उमा आमच्याजवळ आली. "काका, त्यांतून उजेड आला नाहीं कीं," ती म्हणाली. "एकदांही."

सुधीरने सांगून टाकलं. पडलेला फ्लॅश, त्रिची, रविवार, सगळं. स्वामिनाथराव ऐकत होते. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "श्रीधरास काय सांगायचं?" आणि खुर्चीवर बसले.

"असों द्या. लग्न झालं न? पुरे," सरसाबाई म्हणाल्या, पण त्यांनाही ते पुरलेलं नव्हतं, दिसत होतं.

उमा मागच्या दारापर्यंत जाऊन आली. मग म्हणाली, "मागं नारळींत ऊन आलंय. तिथं पुन्हां करूं."

तिथून जो वाद झाला तो मी कधी विसरणार नाही. वाध्यार, म्हणजे त्यांचे भटजी, म्हणाले की एकदा लागलेलं लग्न पुन्हा लावायचं नसतं. मुलाचे काका म्हणाले, अशानं पहिलं लग्न रद्द होतं. नवरदेव, जो पहाटेपासून दगडासारखा बसला होता, पहिल्यांदाच बोलला. तो म्हणाला की त्याची हरकत नाही, पुन्हा हिच्याशीच लागणार असेल तर. सगळे हसले आणि वाध्यार विरघळले. त्यांनी अटी घातल्या: मंगळसूत्र सोडायचं नाही, नवऱ्याने नुसते हात गाठीशी न्यायचे. अक्षतांऐवजी कुरमुरे. वाजंत्री बंद. "मी ओंठ हलवतों," ते म्हणाले, "मंत्र म्हणणार नाहीं."

कार्यालयाच्या मागे नारळीची बाग होती आणि आचाऱ्यांची घासायची भांडी. ती कुणाला हलवायचं सुचलं नाही, म्हणून उमेच्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत मागे एक काळंकुट्ट पातेलं आहे. सावली तोडायला सुधीरने एक कोरी वेष्टी मागवली. तिचं एक टोक सरसाबाईंनी धरलं, एक मी, आणि आम्ही दोघी ऊन वधूवरांच्या तोंडावर परतवत उभ्या राहिलो. माझे हात भरून आले होते. घाम डोळ्यांत जात होता. तीन दिवसांची झोप साचली होती. सुधीर म्हणायचा "थांबा", की सगळे थांबायचे.

अंतरपाट धरला गेला. वाद्यं नव्हती, कुणी बोलत नव्हतं. वाध्यारांचे ओठ हलत होते. अंतरपाट खाली आला, नवऱ्याने उमेच्या मानेमागे हात नेले, आणि माझ्या शेजारी कुणीतरी हुंदका दिला.

स्वामिनाथराव. या लग्नात त्यांना काहीच काम नव्हतं. दूध नव्हतं, काका नव्हते, आचारी नव्हता. नुसतं उभं राहायचं होतं आणि बघायचं होतं. त्यांनी उपरणं तोंडाशी धरलं आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले. मग उमेला रडू आलं. तेही खरं होतं. वेष्टीचं टोक सरसाबाईंच्या हातून सुटलं आणि मलाही पुढचं नीट दिसेना. सुधीर मात्र बापलेकींना एका चौकटीत धरून बटण दाबत राहिला, त्याबद्दल मी त्याला त्या क्षणी दुष्ट ठरवला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. राजवाडा बाहेरूनच पाहिला. परतीचा प्रवास येतानाच्या प्रवासाइतकाच लांब होता, म्हणजे त्याहून लांब वाटला.

पुण्यात रोल धुऊन आणले. पहाटेचे सगळे काळे, त्यात मधे कुठेतरी ट्यूबलाइटची एक रेघ. उन्हातले सगळे उत्तम. आम्ही दोन संच काढले, एक तंजावूरला पाठवला, एक मस्कतला. लोक मला विचारतात, तंजावूर कसं आहे, काय काय पाहिलंत. काय सांगणार? देऊळ अर्धं, राजवाडा बाहेरून, त्रिची बंद. इतकी दमून मी दुसऱ्या कुठल्या गावाहून परतलेली नाही. पण मी खूप लग्नांना गेले आहे, आणि लागताना मी जे खरोखर बघितलं असं लग्न एकच आहे.

पुढे एका संध्याकाळी श्रीधरचा मस्कतहून फोन आला. सुधीरने घेतला, मी कान लावून उभी राहिले. फोटो पोचले होते. "काका, पैज मी जिंकलों," तो म्हणाला. मग आवाज थोडा बदलला. "मला वाटलं होतं अप्पा कामांत असतील. मुहूर्ताला ते तिथंच होते न? बरोबर मंगळसूत्राच्या वेळीं?"

सुधीर कुणाची छोटी चूकही दुरुस्त केल्याशिवाय सोडत नाही. तो माझ्याकडे बघत राहिला.

"हो," तो म्हणाला. "तिथेच होते. अगदी समोर."