वरचा एक डॉलर

अमेरिकेतल्या हर्नडन गावात नवीन राहायला आलेली मराठी बाई आधी शाळेची चौकशी करायची आणि मग आवाज जरा खाली आणून विचारायची, "इथे ब्लाउज कोण शिवतं हो?"

"उल्का आहे ना! आपलीच आहे," असं उत्तर यायचं.

आपलीच आहे. उल्काच्या अमेरिकेतल्या सगळ्या वर्षांची हकिगत या दोन शब्दांत मावली असती. ती आली नवऱ्याच्या, म्हणजे संजयच्या, व्हिसावर. त्या व्हिसावर नवऱ्याने कमवायचं आणि बायकोने फक्त सोबत राहायचं, असाच कायदा होता. कंटाळून तिने कुणाच्या तरी गराज सेलमधून जुनं शिलाई मशीन आणलं आणि तळघरात, वॉशिंग मशीनच्या शेजारी मांडलं. बायका यायच्या, मापाचा ब्लाउज टाकून जायच्या. "मुंढ्यात थोडा सैल हं, वजन वाढलंय माझं. यार, इकडचा ब्रेडच तसा असतो!" पैशांचा विषय निघालाच तर उल्का दोन्ही हात हलवायची. घेता येत नव्हते हे खरं, आणि मागताही येत नव्हते, हेही तितकंच खरं. मग बायका तिची ओटी भरायच्या. नारळ, तांदूळ आणि वर एक ब्लाउजपीस. हे ब्लाउजपीस कुणी कधी शिवत नाही, ते एका हळदीकुंकवातून दुसऱ्या हळदीकुंकवात फिरत राहतात. आंब्याच्या रंगाचा एक तुकडा उल्काने तीनदा दुसऱ्यांना दिला होता आणि तीनही वेळा तो तिच्याकडेच परत आला होता.

मागच्या वसंतात ग्रीन कार्ड आलं आणि तिलाही कमवायची परवानगी मिळाली. त्याच आठवड्यात उल्काला कपडे धुवायच्या लॉन्ड्रोमॅटशेजारचा रिकामा गाळा दिसला. रस्त्याकडे तोंड, मोठी काच. काचेला कपाळ टेकवून ती आत बघत राहिली. इथे कापायचं टेबल, तिथे आरसा, दारावर नाव. इतकी वर्षं कुठलाही अर्ज भरताना 'व्यवसाय' या रकान्यात तिने आडवी रेघ मारली होती. त्या रेघेच्या जागी तिला ते दार हवं होतं.

संजयला तिने जेवताना सांगितलं. तो सांगली सोडून वीस वर्षांपूर्वी निघाला होता, पण आता घरातही ऑफिसच्या मीटिंगसारखाच बोलायचा.

"आयडिया सॉलिड आहे यार. पण टायमिंग बघ ना. आमच्याकडे ले-ऑफ चाललेत. सेव्हिंगला हात लावणं रिस्की आहे. आपण हे फेजवाइज करू."

"पहिला फेज कुठला?"

"दुसऱ्याचे पैसे," संजय म्हणाला आणि आमटी ओरपली.

म्हणून ती ग्रँट, म्हणजे धंद्यासाठी मिळणारं अनुदान, शोधायला लागली. एक होती माजी सैनिकांसाठी, एक मधमाश्या पाळणाऱ्यांसाठी. एक सगळ्यांसाठी होती, पण त्यासाठी आधी फी भरायची होती. छोट्या धंदेवाल्यांना फुकट सल्ला देणाऱ्या केंद्रात बेव्हर्ली नावाची निवृत्त बँकवाली बाई बसायची. तिने फीवाली ग्रँट बघितली आणि चष्मा काढला. "हनी, जो पैसे द्यायचे पैसे मागतो, तो चोर असतो."

बेव्हर्लीनेच खरी वाट दाखवली. रिकामे गाळे भरावेत म्हणून गावानेच एक छोटी ग्रँट काढली होती. लायब्ररीच्या हॉलमध्ये तीन परीक्षकांपुढे पाच मिनिटं आपण बोलायचं, दोन मिनिटं आपल्या वतीने कुणीतरी.

"तुझ्या गिऱ्हाइकांपैकी कुणाला तरी आण," बेव्हर्ली म्हणाली.

उल्काने मान हलवली, आणि मनात त्याचा अर्थ लावला तो असा, की मोठं, मानाचं, चांगलं बोलणारं माणूस आण. म्हणजे पद्मिनीकाकू. इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष, मूळच्या नागपूरच्या, आवाज असा की माइक बंद पडला तरी गणपतीच्या आरतीला अडायचं नाही. काय बोलायचं ते उल्काने त्यांना सांगितलं नाही. थोरांना काय बोलायचं हे कसं सांगणार?

त्या दिवशी उल्का बरी बोलली. गाळ्याचं भाडं, मशीन, लग्नाचा मोसम, सगळं नीट मांडलं. गावात दुरुस्तीला टाकलेली पँट दोन आठवडे परत मिळत नाही हे सांगितल्यावर एक परीक्षक स्वतःच्या पँटकडे बघून हसला. मग काकू उठल्या. अंगावर पैठणी आणि उल्कानेच शिवलेला ब्लाउज.

"उल्का इज लाइक माय ओन डॉटर," काकूंनी सुरुवात केली. "इलेव्हन इयर्स शी इज स्टिचिंग फॉर मी! फॉर ऑल लेडीज! आय से, टेक, उल्का, टेक. शी से, नो, नो, काकू. इलेव्हन इयर्स, नॉट वन डॉलर!" काकूंचा आवाज भरून आला. "नॉट वन डॉलर शी टूक! सच अ हार्ट!"

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मधल्या परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं.

"फार छान," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मग पैसे देणारी गिऱ्हाइकं कोण आहेत?"

उल्काने व्हिसाचं सांगितलं. परीक्षकांनी समजुतीने मान हलवली. "आणि परवानगी मिळाल्यापासून?"

तेव्हापासून तिने किती ब्लाउज शिवले होते ते तिच्या बोटांना ठाऊक होतं. उत्तर मात्र एकच होतं, आणि ते काकूंनी आधीच देऊन टाकलं होतं.

पार्किंगमध्ये काकूंनी तिची पाठ थोपटली. "जमलं ना गं? रडवलं मी त्यांना!"

"हो, काकू."

ग्रँट गेली कुत्र्यांना आंघोळ घालणाऱ्या एका बाईला. बेव्हर्लीने फोनवर फार सांत्वन केलं नाही. "हनी, तू शिवतेस यावर त्यांचा विश्वास बसला. लोक तुला पैसे देतील यावर नाही बसला. फॉलमध्ये, पानगळीच्या फेरीला, परत ये. पण त्याआधी पैसे घे." गाळा तोवर राहील का, हे उल्काने विचारलं. बेव्हर्ली म्हणाली, ते कुणालाच सांगता यायचं नाही.

उल्का त्या रात्री जेवली नाही. संजयनेही रिस्कचं नाव काढलं नाही. त्याने भांडी घासली, आणि ती नुसती खुर्चीत बसून राहिली.

चार दिवसांनी काकू तळघराच्या पायऱ्या उतरल्या. हातात पुतणीच्या लग्नात नेसायची साडी. "काय करून राहिली गं? हे बघ, गळा मागून खोल घे, पण अगदी त्या पोरींसारखा नको. अस्तर लाव. आणि शनिवारपर्यंत दे बाई, धावपळ होऊन राहिली आहे."

उल्काने माप घेतलं. टेप गुंडाळून ठेवली. मग तिने शिलाई किती ते सांगितलं.

काकू हसल्या. तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबल्या. "माझ्याकडून?"

"तुमच्यापासूनच."

"अगं, मी तुझी..." काकूंनी वाक्य सोडून दिलं. "म्हणजे मी तिथे बोलली, त्यानं बिघडलं?"

"मी कधी मागितलेच नाहीत, काकू. त्यानं बिघडलं."

काकू स्टुलावर बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग साडी तिथेच ठेवून, तिच्याकडे न बघता वर गेल्या. उल्काला वाटलं, झालं. आता मंडळात तोंड दाखवायला नको.

शनिवारी त्या आल्या. ब्लाउज घालून आरशापुढे फिरल्या, हात वर करून बघितले, मुंढा कुठे ओढला नाही. पर्समधून पांढरं पाकीट काढलं. लग्नात देतात तसं, वर कुंकवाचं बोट लावलेलं. आत ठरलेली शिलाई होती आणि एक डॉलर जास्त.

उल्काने तो डॉलर काढून त्यांच्यापुढे धरला. "हा परत घ्या."

"अगं, वर एक ठेवायचा असतो. शुभ असतं."

"आहेराला असतं, काकू. ही शिलाई आहे."

तिचा हात तसाच पुढे होता. काकूंनी डॉलरकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्यांनी तो घेतला, दोन घड्या घातल्या आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. उल्काने पुढच्या फेरीत दाखवायला पावती लिहिली आणि तिच्यावर काकूंची सही घेतली.

पायरीवर काकू थांबल्या. पाठ वळवूनच बोलल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान झाला होता.

"मंडळातली नेत्रा पण येणार म्हणत होती, डोहाळेजेवणाचा ब्लाउज टाकायला. तिला काय सांगू?"

"माझा दर सांगा," उल्का म्हणाली आणि कापडावर खडूची पुढची रेघ ओढली.