हाताशी आलेले गिअर

त्र्यंबक सहस्रबुद्धे हा माणूस कुणाकडे उगाच जाणाऱ्यातला नव्हे, आणि त्याच्याकडेही कुणी उगाच येत नाही. मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, तेहतीस वर्षं काढून तो निवृत्त झाला. त्याच सुमारास बायको सुमती लेकीच्या बाळंतपणाला म्हणून पुण्याला गेली ती गेलीच. 'तीन महिन्यांत येते' म्हणाली होती. आता नातू शाळेत जातो. भांडणबिंडण काही नाही. तिची तिथे गरज आहे आणि इथे नाही, इतकं साधं आहे ते. त्र्यंबक डोंबिवलीच्या दोन खोल्यांत एकटा राहतो, एकटा जेवतो, आणि सोमवार ते शनिवार त्याचं तोंड दूधवाल्याला 'अर्धा लिटर' म्हणण्यापलीकडे फारसं उघडत नाही.

रविवारची गोष्ट मात्र वेगळी. रविवारी दामाजी भेटतो.

दामाजी ठाण्याच्या कोळीवाड्यातला. तरुणपणी एका सायकल शर्यतीत दोघं एकाच खड्ड्यात पडले, तिथून ओळख झाली. आयुष्य बोटीच्या इंजिनाशेजारी गेल्यामुळे दामाजीचे कान कामातून गेलेले. तो त्र्यंबकला भटजी म्हणतो, त्र्यंबकने जन्मात एक सत्यनारायण सांगितला नसला तरी. दर रविवारी उजाडता उजाडता दोघं शीळफाट्यावर भेटतात, महापेच्या बाजूचा चढ चढतात, वर चहा घेतात आणि आपापल्या घरी जातात. पुढे त्र्यंबक, मागे दामाजी. सदतीस वर्षं हाच क्रम. बोलणं फार होत नाही, कारण ऐकूच येत नाही. पण त्र्यंबकला त्याची तक्रार नव्हती. आठवड्यात कुणीतरी आपली वाट बघतं, एवढं त्याला पुरत होतं.

तर या बेताला खांद्याने खो घातला. उजवा खांदा आखडला. कप वरच्या फळीवर ठेवता येईना, शर्टाची बाही चढवताना ब्रह्मांड आठवे. आणि त्र्यंबकची रेसर सायकल जुन्या घडणीची. तिचे गिअरचे दांडे हँडलवर नाहीत, खाली फ्रेमच्या तिरक्या नळीवर. गिअर बदलायचा तर हँडल सोडून, वाकून, हात गुडघ्यापाशी न्यावा लागतो. दोन रविवार त्याने दात आवळून ते केलं. तिसऱ्या रविवारी हात खाली गेला तो वर येईना, आणि शेजारून डंपर गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सायकल सोडा." त्र्यंबकने मान डोलावली आणि तिथून तडक पोपटच्या दुकानात गेला.

पोपट म्हणजे मानपाडा रोडवरचा सायकलचा मिस्त्री, चाळिशीचा, तोंडाने फटकळ. "काका, नवीन घ्या ना गाडी. ही काय आता चालवायची चीज आहे?"

"गाडी नको. गिअर वर हँडलवर पाहिजेत. ब्रेकमध्येच असतात ना, तसले."

"असतात. पण आता अकरा-बाराचा जमाना आहे. तुमच्या मागच्या चाकाला सातच चक्र्या. सातवाला सेट शोधावा लागेल."

"मग शोध."

पोपटने अठरा दिवस लावले, पण शोधला. जुने दांडे उतरवले, नव्या केबली ओढल्या, सायकल टांगून अर्धा दिवस मागचा स्क्रू पिळत बसला. त्र्यंबक स्टुलावर बसून सगळं बघत होता. त्याला बरं वाटत होतं; एक तर काम नीट होत होतं, आणि दुसरं म्हणजे पोपट सारखा बोलत होता. शेवटी पोपटने पेडल फिरवलं आणि त्र्यंबकने बोटाने ब्रेकच्या आतला खटका दाबला. टिक्. साखळी सुरकन एका चक्रीवरून दुसरीवर गेली. खांदा जागचा हललासुद्धा नाही. अडुसष्ट वर्षांचा हा गृहस्थ त्या संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये नुसता टिक् टिक् करत गोल गोल फिरत होता, आणि वॉचमन तोंड लपवून हसत होता.

दामाजीला फोनवर ऐकू येत नाही म्हणून त्याची सून वर्षाली फोन घेते. "वर्षाली, बाबांना सांग, नवे गिअर बसवलेत. रविवारी येतोय म्हणावं!"

"बसवलेतसुद्धा?" वर्षालीने विचारलं. मग ती म्हणाली, "बरं काका. सांगते."

रविवारी त्र्यंबक चढाला लागला तो पोरासारखा. टिक्, हलका गिअर. टिक्, अजून हलका. दोन्ही हात हँडलवर, छाती मोकळी. वर टपरीवर पोचून त्याने दोन चहा सांगितले, तेव्हा कुठे वळून पाहिलं. रस्ता मोकळा होता. चहावर साय धरली तरी दामाजी नाही. त्र्यंबक घाबरला आणि तसाच उलटा खाली आला.

दामाजी अर्ध्या चढावर कठड्याला सायकल टेकवून उभा होता. एक हात गुडघ्यावर.

"काय झालं?" त्र्यंबक त्याच्या कानाशी ओरडला.

"तू हात खाली केलाच नाय, भटजी! मना वाटला अजून सपाट हाय. जड गिअरमधीच राहिलो."

त्र्यंबकच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. पुढच्याचा हात नळीकडे गेला की मागच्याने गिअर बदलायचा, हे त्यांनी कधी ठरवलं नव्हतं. आपोआप होऊन गेलं होतं. न ऐकणाऱ्या माणसाला तेवढीच खूण होती. आणि ती आपण पोपटकडून काढून टाकली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवडाभर त्याने डोकं चालवलं. उजवा हात वर होत नाही. ठीक, डावा होतो; गिअर बदलताना तोच वर करायचा. डाव्या हातमोज्याला त्याने लाल फीत शिवली, स्वतः, सुई तीनदा बोटात घालून. शुक्रवारी हौसेने फोन लावला. "वर्षाली, बाबांना सांग, मी तोड काढलीय."

"काका," ती म्हणाली, "रागवू नका हां. बाबांचे गुडघे दोन वर्षांपासून गेलेत. डॉक्टरने सायकल बंद करायला सांगितलेली. पण ते ऐकतच नाहीत. म्हणतात, भटजीला दुसरा हाय कोन? मी नाय गेलो तर तो घरातच बसंल. तुमचा खांदा दुखायला लागला ना, तेव्हा आम्हाला वाटलं, आता आपोआप बंद होईल. तर तुम्ही गिअरच बदललेत. मग बिचारे काय बोलणार?"

त्र्यंबकच्या हातात तो मोजा होता. दोन वर्षं तो माणूस दुखऱ्या गुडघ्यांनी चढ चढत होता, आणि आपण वर पोचेपर्यंत एकदाही मागे पाहिलं नाही. लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त भीती वाटली. पण तो खाकरला आणि म्हणाला,

"अगं, मी तेच सांगायला फोन केलेला. हीच तोड. मलाही नाही जमत आता. बंदच करू या म्हणावं."

"खरंच काका?"

"खरंच. सांग त्यांना."

वर्षालीने ते दामाजीच्या कानात ओरडून सांगितलेलं त्याला फोनवर ऐकू आलं. त्यापाठोपाठ दामाजीचा तो बहिऱ्या माणसाचा टिपेचा आवाज, सगळ्या कोळीवाड्याला ऐकू जाईल असा: "सुटलो रं बाबा!" आणि मग तो हसला. इतकं मोकळं हसताना त्र्यंबकने त्याला कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. त्र्यंबकही हसला, कारण पलीकडे ऐकू जायला हवं होतं.

रविवारी तो सवयीने निघाला. शीळफाट्यापर्यंत गेला, फाट्यावर पाय टेकून जरा वेळ उभा राहिला, आणि चढाकडे न वळता परत फिरला. आठाच्या आत घरी आला. अख्खा रविवार अजून शिल्लक होता.