उंटाच्या वशिंडातलं पाणी

डावं-उजवं या शब्दांशिवाय अख्खं आयुष्य काढलेला एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो म्हणजे आमच्या सालेकशाच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई. मी त्याच शाळेत मराठी शिकवायची आणि त्यांच्या शेजारीच राहायची, त्यामुळे ‘मीठ जरा नैर्ऋत्येला सरकव’ हे मी चौदा वर्षं ऐकलं. एकदा त्यांचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी विचारलं, ‘कुठं दुखतं?’ बाई म्हणाल्या, ‘ईशान्येला.’ डॉक्टर बिचारे आधी खिडकीतून सूर्य शोधायला गेले.

पण बाईंचा खरा जीव वाळवंटावर. तलाव, धानाच्या बांध्या आणि जंगल यांच्यात वाढलेल्या आमच्या पोरांना त्या वाळवंट असं शिकवायच्या, की बाहेर धो धो पाऊस पडत असताना पोरं घसा सुकला म्हणून पाणी प्यायला सुटी मागायची. तीस वर्षं हे चाललं. मग निवृत्तीच्या दिवशी, हार घालून झाल्यावर, सहावीतल्या एका पोरीनं उभं राहून विचारलं, ‘बाई, तुमी पाह्यला का वाळवंट?’

बाई नागपूरच्या पलीकडे कधी गेलेल्याच नव्हत्या. त्या रात्रभर जागल्या असाव्यात, कारण सकाळी चहाआधीच माझ्या दारात उभ्या. ‘चाल. तीस वर्षं सांगून राहिली. खरं का खोटं, पाहून येऊ.’

दिवाळी झाली आणि आम्ही निघालो. दोन दिवस गाड्या बदलत जैसलमेर, आणि तिथून खडखडत्या बसनं आणखी पुढे, जिथं सडक रेतीत बुडते अशा एका गावी पोचलो. चार दुकानं, पाण्याची एक टाकी, बाकी सगळं आकाश. बाईंनी भर दुपारी चपला काढल्या, रेतीवर उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, ‘तापते! खरं आहे!’ पहाटे थंडीनं दात वाजत असताना, ‘खरं आहे!’ मग पदर खोचून त्या एका टेकडीवर चढल्या. वाऱ्याकडची बाजू मंद उताराची, पलीकडची एकदम तुटलेली, अगदी फळ्यावर काढायच्या तशी. वर उभ्या राहून त्यांनी दोन्ही हात असे उंचावले, की खाली चहा पिणारं अर्धं गाव कोण जिंकलं ते बघायला बाहेर आलं.

त्या भरात त्यांनी खाली उतरून एका उंटवाल्यालाच धडा द्यायला घेतला. ‘भैया, इसके कूबड़ में पानी रहता है. इसलिए...’

उंटवाला इतका हसला की त्याचा फेटा सुटला. ‘पानी? बहनजी, चरबी है चरबी! भूखा रहे तो लटक जाता है.’

बाई मटकन खाली बसल्या. मला वाटलं, अपमान झाला. पण त्या पुटपुटल्या, ‘सुगरता.’

मग सांगितलं. वीस वर्षांपूर्वी सुगरता नावाच्या पोरीनं पेपरात लिहिलं होतं: आमच्या बैलाच्या वशिंडात पाणी नाही, चरबी आहे, म्हणून उंटाच्याही वशिंडात चरबीच असेल. बाईंनी शून्य दिलं, वर ते उत्तर वर्गात वाचून दाखवलं. वर्ग हसला. बाईही हसल्या. ती पोर पुढच्या वर्षी शाळेत आली नाही.

‘माझ्यामुळे नसेल,’ बाई म्हणाल्या. ‘पण असेल तं?’

परत आल्यावर बाईंनी आठ दिवसांत तिचा पत्ता काढला. सुगरता दरेकशाजवळच्या एका खेड्यात दिली होती. आम्ही गेलो तेव्हा ती खळ्यावर चार बायांसोबत धान उपणत होती. बाईंनी नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट आवाज दिला, ‘सुगरता, उभी राह्य! उंटाच्या वशिंडात काय असते?’

ती सूप हातात घेऊन गोठली. सासू बघते, जावा बघतात. मग ती म्हणाली, ‘चरबी, बाई.’

‘बरोबर! तू तवाच बरोबर होती. मी चुकली होती.’

सुगरतानं सूप खाली ठेवलं. ‘आयकलं का वो मामी?’ ती सासूकडे वळून ओरडली, ‘मी सांगत होती का नाई? मीच बरोबर होती!’ आणि खळ्यावरच्या बायांनी, कशाबद्दल ते नीट न कळताच, अशा टाळ्या पिटल्या की झाडावरचे बगळे उडाले.

ती आम्हाला स्टेशनापर्यंत सोडायला आली. फलाटावर बसल्यावर तिनं विचारलं, ‘बाई, रेती खरंच आभायाले टेकते?’ बाई सांगू लागल्या. गाडी आली, थांबली, निघून गेली. मी हातातली पिशवी परत खाली ठेवली. सुगरता गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होती, मधेच काहीबाही विचारत होती, आणि बाई, ज्यांनी तीस वर्षांत एकाही पोराला हे वाक्य ऐकवलं नव्हतं, हळूच म्हणत होत्या, ‘ते मले ठाऊक नाई, बेटा.’